तराजू प्रशिक्षकाच्या हाती नको

२ जानेवारी १९९६ च्या रात्री अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेम्पी इथे नेब्रास्का विद्यापीठाने फ्लोरिडा विद्यापीठाचा ६२-२४ असा धुव्वा उडवला आणि कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद लागोपाठ दुसऱ्या वर्षी आपल्याकडे राखलं. त्या सामन्यात चेंडू घेऊन १६५ यार्ड धावलेला लॉरेन्स फिलिप्स वीस वर्षांचा होता. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरमधल्या एका पहाटे, तो आपल्या आधीच्या मैत्रिणीला गाठण्यासाठी एका इमारतीत शिरला होता. तिला मारहाण करून त्याने जिन्यावरून फरफटत खाली नेलं होतं. ती मुलगी त्याच विद्यापीठाची खेळाडू होती. फिलिप्सला अटक झाली, कोर्टात त्याने आरोप लढवले नाहीत आणि तो प्रोबेशनवर सुटला. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी त्याला सहा सामने बाहेर बसवलं आणि हंगाम संपत आला तसं पुन्हा मैदानात उतरवलं.

ऑस्बर्न काही लबाड गृहस्थ नव्हते. धार्मिक आणि संयमी अशी त्यांची ख्याती होती. पुढे नेब्रास्काच्या मतदारांनी त्यांना अमेरिकी संसदेत पाठवलं. फिलिप्सचं पोरवय कॅलिफोर्नियात, घराला पारख्या झालेल्या मुलांच्या वसतिगृहात गेलं होतं. फुटबॉल काढून घेतलं तर या मुलाच्या आयुष्याला दुसरी कसलीच चौकट उरणार नाही, असं ऑस्बर्न सांगत होते. ते मनापासून सांगत होते असं मी धरून चालतो. पण अजिंक्यपदासाठी ज्यांना फिलिप्स हवा होता, त्यांनीच फिलिप्सचं भलं कशात आहे हे ठरवलं. आणि त्या मुलीचं भलं कशात आहे हे ठरवताना तिला कोणी मोजलं असेल, असं त्या निर्णयावरून तरी दिसत नाही.

पुढचा इतिहास सगळ्यांसमोर आहे. फिलिप्सला १९९६ च्या निवडीत सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक संघाने सहाव्या क्रमांकावर उचललं आणि पुढच्याच वर्षी सोडून दिलं. तो एका संघातून दुसऱ्या संघात फिरत राहिला, मारहाणीची प्रकरणं त्याच्या पाठोपाठ येत राहिली. शेवटी त्याला एकूण एकतीस वर्षांहून जास्त कैद झाली. २०१५ मध्ये आपल्या कोठडीतल्या सोबत्याच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला आणि जानेवारी २०१६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो कोठडीत मृतावस्थेत सापडला. ती आत्महत्या होती. फुटबॉल त्याला वाचवेल हा ऑस्बर्न यांचा अंदाज चुकला. फुटबॉलने त्याला खेळवलं, एवढंच.

कॉलेज फुटबॉलपटू आणि पोलीस ठाणं यांच्या नात्याबद्दल अमेरिकेत गेली तीस-चाळीस वर्षं वाद चालू आहे. वादाचे दोन्ही सूर ठरलेले असतात. एक पक्ष म्हणतो, या पोरांना फार लाडावून ठेवलंय, कडक शिक्षा करा. दुसरा म्हणतो, कोवळी पोरं आहेत, गरिबीतून आलेली आहेत, एक चूक पोटात घाला. माझ्या मते दोन्ही पक्ष भलत्याच प्रश्नावर भांडतात. शिक्षा कडक असावी की सौम्य, हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा की, आरोप असलेल्या खेळाडूचं काय करायचं हे ज्याने ठरवायचं, त्याचा त्या निर्णयात स्वतःचा फायदा-तोटा असावा का? जिथे असा फायदा-तोटा आहे, तिथे कधी अपराधी सुटतो, कधी निरपराध भरडला जातो आणि तक्रार करणारी बाई तर जवळपास नेहमीच एकटी पडते. ही तिन्ही दुखणी वेगवेगळी दिसली तरी त्यांचं मूळ एकच आहे.

फायदा-तोटा केवढा, हे मराठी वाचकाला नीट कळण्यासाठी थोडा तपशील हवा. आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे आंतरविद्यापीठीय स्पर्धेचा रिकामा स्टँड. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात; वानखेडेच्या तिपटीहून अधिक. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या नोकरांपैकी सर्वांत जास्त पगार राज्यपालाचा नसतो, तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. जॉर्जिया विद्यापीठाच्या कर्बी स्मार्ट यांचा २०२४ चा करार वर्षाला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरचा आहे. या पगाराचं, टीव्हीच्या हक्कांचं, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचं आणि गावातल्या हॉटेलांच्या धंद्याचं गणित शनिवारी दुपारी संघ जिंकतो की हरतो यावर बसलेलं असतं. आणि संघ जिंकणं हे अठरा ते बावीस वयाच्या काही मोजक्या मुलांच्या पायांवर अवलंबून असतं. त्यातला एखादा शुक्रवारी रात्री पकडला गेला, तर शनिवारी त्याचं काय करायचं हे परंपरेने प्रशिक्षक ठरवत आला. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिकडच्या विद्यापीठांनी तोच व्यवहार नियमांच्या पुस्तकाआड चालू ठेवला.

२०११ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ नियतकालिक आणि सीबीएस न्यूज यांनी मिळून एक मोठी पाहणी केली. २०१० च्या हंगामाआधी क्रमवारीत पहिल्या पंचविसांत असलेल्या संघांतल्या २,८३७ खेळाडूंच्या पोलीस नोंदी त्यांनी तपासल्या. २०४ खेळाडूंवर, म्हणजे दर चौदांतल्या एकावर, कधी ना कधी गुन्ह्याचा आरोप आलेला होता. या आकड्यावरून ‘फुटबॉलपटू म्हणजे गुंड’ असा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. चौदांतले तेरा स्वच्छ होते, आणि आरोप झाला म्हणजे गुन्हा झाला असंही नाही. मला त्या पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटली. पंचविसांपैकी फक्त दोन विद्यापीठं आपल्या खेळाडूंची गुन्हेगारी पार्श्वभूमी कुठल्याही स्वरूपात तपासत होती. मुलाची उंची, वजन, चाळीस यार्ड धावायला लागणारा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या यंत्रणेला त्याच्याबद्दलची ही एक गोष्ट जाणून घ्यायचीच नव्हती. जे कळलं तर निर्णय घ्यावा लागेल, ते न कळलेलंच बरं, हा तो हिशेब.

हा हिशेब गावाच्या पोलीस ठाण्यापर्यंत कसा पोचतो याचं उदाहरण फ्लोरिडा राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीत, सापडतं. डिसेंबर २०१२ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने बलात्काराची तक्रार दिली. काही आठवड्यांनी तिने ज्याला ओळखलं तो होता संघाचा होतकरू क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, जेमिस विन्स्टन. प्रकरण सरकारी वकिलांच्या टेबलावर पोचलं ते थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये, पत्रकार विचारणा करू लागल्यावर. विन्स्टनच्या डीएनएचा नमुनाही तेव्हाच घेतला गेला. ५ डिसेंबर २०१३ रोजी सरकारी वकिलांनी पुराव्याअभावी आरोप ठेवणार नसल्याचं जाहीर केलं. नऊ दिवसांनी विन्स्टनला सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइस्मन करंडक मिळाला आणि जानेवारीत संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद. विन्स्टनने आरोप सतत नाकारला. विद्यापीठाच्या सुनावणीत एका निवृत्त न्यायमूर्तींनीही त्याला दोषी धरलं नाही. पुढे तिने विद्यापीठावर लावलेला दावा जानेवारी २०१६ मध्ये साडेनऊ लाख डॉलरवर मिटला.

त्या रात्री नेमकं काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि सांगण्याचा आवही आणणार नाही. पण तपास वेळेवर झाला असता तर दोघांपैकी एकाला तरी निःसंदिग्ध उत्तर मिळालं असतं. आठवणी ताज्या असताना साक्षीदारांना विचारलं गेलं असतं, दोघं त्या रात्री ज्या बारमध्ये होते तिथलं चित्रण शोधलं गेलं असतं. ते न झाल्याने तक्रारदाराला न्याय मिळाल्यासारखं वाटलं नाही आणि विन्स्टनच्या नावाला चिकटलेला संशयही पुसला गेला नाही. तपासात कुचराई म्हणजे खेळाडूवर उपकार, असं गावातल्या चाहत्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती खेळाडूचीही हानी असते. तो निर्दोष असेल, तर ते सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग त्याच्या चाहत्यांनीच बुजवलेला असतो.

टेक्सासमधल्या वेको शहरातल्या बेलर विद्यापीठात या कुचराईला संस्थेचं रूप आलं. हे बाप्टिस्ट पंथाचं, शिस्तीचा अभिमान मिरवणारं विद्यापीठ. वर्षानुवर्षं हरणारा त्याचा संघ आर्ट ब्राइल्स या प्रशिक्षकाने वर काढला, नवं स्टेडियम उभं राहिलं. दरम्यान खेळाडूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी येत राहिल्या. जानेवारी २०१४ मध्ये एका माजी खेळाडूला वीस वर्षांची शिक्षा झाली. अखेर विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली आणि तिचे निष्कर्ष मे २०१६ मध्ये जाहीर केले. फुटबॉल विभागातली माणसं तक्रारदारांना किंवा त्यांच्या घरच्यांना स्वतःच भेटत होती, आपापल्या परीने चौकशा करत होती आणि विद्यापीठाच्या योग्य विभागाकडे काहीच कळवत नव्हती, असं त्या निष्कर्षांत म्हटलं होतं. ब्राइल्स यांना काढलं गेलं. विद्यापीठाचे अध्यक्ष केनेथ स्टार यांनाही पद सोडावं लागलं. हे स्टार म्हणजे एकेकाळी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची चौकशी करून देशभर गाजलेले वकील. दुसऱ्याच्या घरची झाडाझडती घेण्यात ज्यांनी नाव कमावलं, त्यांच्या अंगणातलं त्यांना दिसलं नाही.

बेलर प्रकरणाचा खरा धडा पाच वर्षांनी मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, समितीने निकाल दिला की, अशा तक्रारी न कळवण्याबद्दल बेलरला दंडित करता येईल असा नियमभंग सिद्ध होत नाही. नैतिक अपयश मात्र मोठं आहे, असं समितीने खेदाने नोंदवलं. आता याच संघटनेचं दुसरं प्रकरण शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २०१० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पाच खेळाडूंनी आपले करंडक, अंगठ्या, जर्सी विकल्याचं किंवा त्यांच्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतल्याचं उघड झालं. त्यांना प्रत्येकी पाच सामन्यांची बंदी झाली, प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना जावं लागलं, त्या हंगामातले विजय पुस्तकातून खोडले गेले. म्हणजे स्वतःची अंगठी विकली तर नियमभंग, आणि बलात्काराची तक्रार दाबली तर खेद. नियमावली कोणी आणि कशाच्या रक्षणासाठी लिहिली हे यावरून समजतं. खेळाडूने परस्पर पैसे मिळवू नयेत याची काळजी तिच्या पानोपानी होती. वसतिगृहातल्या मुलींची काळजी तिच्या कक्षेतच नव्हती.

याच्या उलट काय करता येतं हे टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने दाखवलं. जून २०१३ ची गोष्ट. वसतिगृहातला एक दरवाजा कोणीतरी मोडला म्हणून कर्मचारी कॅमेऱ्याचं चित्रण तपासत बसले होते. मोडतोड कोणी केली एवढंच त्यांना पाहायचं होतं. पडद्यावर काही वेगळंच आलं: काही तरुण एका शुद्ध हरपलेल्या मुलीला उचलून कॉरिडॉरमधून एका खोलीकडे नेत होते. ते संघाचे खेळाडू होते. मुलीला स्वतःला काही आठवत नव्हतं. तिची तक्रारच नव्हती. ते चित्रण बाजूला ठेवून दरवाज्याचा खर्च वसूल करून मोकळं होणं सोपं होतं. कर्मचाऱ्यांनी ते वर कळवलं, विद्यापीठाने पोलिसांना कळवलं आणि आरोपपत्राची वाट न पाहता आठवडाभरात चौघांना संघातून काढलं. पुढे तिघांना पंधरा ते सतरा वर्षांच्या शिक्षा झाल्या, चौथ्याने गुन्हा कबूल करून साक्ष दिली. ते चित्रण ज्यांच्या नजरेला पडलं त्यांची रोजीरोटी शनिवारच्या निकालावर टांगलेली नव्हती. त्यांनी फार मोठा पराक्रम केला असंही नाही. समोर दिसलं ते योग्य जागी पोचवलं. तेच चित्रण आधी फुटबॉल विभागाच्या खोलीत पोचलं असतं तर ते तितक्याच सरळपणे बाहेर आलं असतं का, हा प्रश्न बेलरचे निष्कर्ष वाचल्यावर विचारावाच लागतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. खेळाडूला वाचवणारी हीच व्यवस्था, त्याची किंमत घसरली की, त्याला वाऱ्यावर सोडते. ब्रायन बँक्स हा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा शाळकरी खेळाडू. यूएससी या नामांकित विद्यापीठात त्याचं जाणं ठरल्यात जमा होतं. २००२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याच्यावर बलात्काराचा आरोप आला. खटला लढून हरलास तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यापेक्षा तडजोड कर, असा सल्ला त्याला मिळाला. अमेरिकेत दोषी ठरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक खटला चालवून नव्हे, अशा तडजोडीतूनच दोषी ठरतात. बँक्सने ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटलं. म्हणजे आरोप लढवणार नाही. पाच वर्षांहून जास्त काळ तो तुरुंगात राहिला. बाहेर आल्यावर लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव आणि पायात नजर ठेवणारा पट्टा. काही वर्षांनी आरोप करणारीनेच त्याच्याशी संपर्क साधला आणि असं काही घडलंच नव्हतं, हे तिचं बोलणं चित्रित झालं. मे २०१२ मध्ये कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली. २०१३ मध्ये अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाने त्याला करारबद्ध केलं, पण सरावाचे काही सामने सोडले तर पुढे संधी मिळाली नाही. ज्या वयात फुटबॉलपटू घडतो ती सगळी वर्षं कोठडीत गेली होती.

मॅट अरायझाचं प्रकरण याहून अलीकडचं. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा हा पंटर, म्हणजे लाथेने चेंडू दूर उडवणारा खेळाडू, लांब लाथेसाठी देशभर प्रसिद्ध. २०२२ मध्ये बफलो बिल्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं. ऑगस्टमध्ये त्याच्यासह काही माजी खेळाडूंवर सामूहिक बलात्काराचा दिवाणी दावा दाखल झाला आणि दोनच दिवसांत संघाने त्याला सोडलं. डिसेंबरमध्ये सरकारी वकिलांनी कोणावरच गुन्हा दाखल न करण्याचा निर्णय घेतला, पुढच्या डिसेंबरमध्ये अरायझाविरुद्धचा दावा मागे घेतला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला घेतलं. मधलं दीड वर्ष तो अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलबाहेर राहिला. कथित घटना ऑक्टोबर २०२१ मधली; पोलिसांनी थांबायला सांगितलं म्हणून विद्यापीठाने स्वतःची चौकशी कितीतरी महिने सुरूच केली नव्हती. तो हंगाम संघ पूर्ण खेळला. म्हणजे बोभाटा होईपर्यंत कुणालाच घाई नव्हती, आणि बोभाटा होताच कुणालाच धीर नव्हता. दोन्ही वेळा निर्णयाचं माप एकच होतं: या घडीला हा मुलगा आपल्याला किती सोयीचा आहे?

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्रशिक्षक या मुलांना जितकं ओळखतो तितकं कुठली समिती ओळखणार? वर्षानुवर्षं तो त्यांच्या घरी जाऊन बसलेला असतो, आईला शब्द दिलेला असतो. बाप नसलेल्या कित्येक घरांत तोच बापाच्या जागी असतो. निर्णय त्याच्याकडून काढून घेतला तर फाइल वाचून शिक्का मारणाऱ्यांच्या हाती या मुलांचं आयुष्य जाईल, आणि दुसरी संधी कुणालाच मिळणार नाही.

ओळख आणि जिव्हाळा यांचं मोल मी कमी लेखत नाही. म्हणून प्रशिक्षकाचं म्हणणं जरूर ऐकावं. साक्षीदार म्हणून ऐकावं. न्यायाधीश म्हणून त्याला बसवू नये. आपल्याकडेही जावयाच्या खटल्यात सासऱ्याला पंच नेमत नाहीत. त्याचं प्रेम खोटं असतं म्हणून नव्हे, तर खरं असतं म्हणून. आणि दुसऱ्या संधीचं म्हणाल, तर प्रशिक्षकांच्या राज्यात ती कोणाला मिळाली? कॅम न्यूटनला मिळाली. २००८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात चोरीच्या लॅपटॉपपायी त्याला अटक झाली होती. पहिल्यांदाच अडकलेल्या आरोपींसाठीचा कार्यक्रम त्याने पूर्ण केल्यावर आरोप मागे घेतले गेले. तो टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजात खेळला आणि २०१० मध्ये ऑबर्न विद्यापीठाकडून हाइस्मनही जिंकला. चांगलंच झालं. लॅपटॉपपायी कुणाचं आयुष्य संपू नये. पण तीच चूक बाकावर बसणाऱ्या तिसऱ्या फळीच्या खेळाडूने केली असती तर त्याची शिष्यवृत्ती वाचली असती, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मॉरिस क्लॅरेटची कहाणी याबाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओहायोतल्या यंगस्टाऊनचा हा मुलगा कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ओहायो स्टेटला २००२ च्या हंगामाचं अजिंक्यपद जिंकून देण्यात आघाडीवर होता. पुढच्या हंगामाआधी तो पैशांच्या नियमांत आणि पोलिसांना दिलेल्या एका खोट्या माहितीच्या प्रकरणात अडकला, निलंबित झाला आणि परत कधी कॉलेजकडून खेळला नाही. शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रवेश नाही, या नियमाविरुद्ध तो कोर्टात गेला. खाली जिंकला, वर हरला. म्हणजे कॉलेज खेळू देईना आणि व्यावसायिक फुटबॉल घेईना. १ जानेवारी २००६ रोजी कोलंबसमध्ये त्याने दोघांना लुटलं. त्याच ऑगस्टमध्ये पोलिसांनी पाठलाग करून पकडलं तेव्हा गाडीत भरलेल्या बंदुका होत्या. साडेसात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात तो वाचू लागला, आणि आपले विचार फोनवरून सांगून बाहेर लिहवून घेऊ लागला. साडेतीन वर्षांनी सुटल्यावर तो पुन्हा विद्यापीठात शिकायला गेला. पुढे त्याने यंगस्टाऊनमध्ये ‘द रेड झोन’ ही व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याची संस्था उभी केली.

क्लॅरेटला सावरलं ते मैदानाने नाही. मैदान कधीच बंद झालं होतं. पुस्तकं, उपचार, वर्गाचं उघडं दार आणि स्वतःशी केलेला हिशेब यांनी त्याला उभं केलं. फिलिप्सला मैदान परत मिळालं, क्लॅरेटला नाही. एवढ्यावरून खेळ बंद केला की माणूस सुधारतो असा नियम मी काढणार नाही. पण दुसरी संधी म्हणजे पुढच्या शनिवारी खेळायला मिळणं, हे समीकरण तोडायलाच हवं. ते समीकरण चाहत्यांच्या आणि संघाच्या सोयीचं आहे. मुलाला जी संधी लागते ती शिकण्याची, उपचारांची आणि पोटापाण्याची. ती संघाच्या यादीवर अवलंबून असता कामा नये.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, मग नुसत्या आरोपावरून कुणाला बाहेर का बसवायचं? इलिनॉय विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅनन याने हाच मुद्दा मांडला. डिसेंबर २०२३ मध्ये बलात्काराच्या आरोपानंतर त्याला निलंबित केलं गेलं. जानेवारीत फेडरल कोर्टाने त्याला खेळू देण्याचा आदेश दिला. जूनमध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. बाहेरच ठेवलं असतं तर त्याचं कधीच न भरून येणारं नुकसान झालं असतं. म्हणून आरोप आला की ताबडतोब हकालपट्टी, हा नियम मला मान्य नाही. आरोप सिद्ध होईपर्यंत काहीच करू नका, हाही मान्य नाही. तक्रारदार त्याच वर्गात, त्याच खाणावळीत जात असते आणि खटला वर्ष-दोन वर्षं चालतो. जामीन द्यायचा की नाही हे ठरवताना कोर्ट आरोपी दोषी आहे का हे ठरवत नाही. प्रथमदर्शनी पुरावा किती, धोका कोणाला, साक्षीदारांवर दबाव येईल का, हे पाहतं. खेळवायचं की नाही हा निर्णयही त्याच जातीचा आहे. तो तारखा ठरवून, दोन्ही बाजू ऐकून, कारणं लिहून घेता येतो. शॅननच्या प्रकरणात शेवटी हे काम कोर्टाला करावं लागलं. विद्यापीठांनी ते स्वतः नीट केलं तर खेळाडूंना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

मग करायचं काय? गंभीर आरोप आल्यावर खेळाडूचा दर्जा ठरवणारं मंडळ क्रीडा विभागाच्या पूर्ण बाहेरचं असावं. त्यात निवृत्त न्यायाधीश असावेत, आणि त्यांची नेमणूक एका विद्यापीठाने न करता सगळ्या विद्यापीठांनी मिळून करावी, म्हणजे कोणी आपल्या गावच्या संघाकडे झुकणार नाही. ठरावीक दिवसांत अंतरिम निर्णय द्यायचं बंधन त्यांच्यावर असावं. तिसऱ्या फळीतल्या खेळाडूला आणि क्वार्टरबॅकला एकाच आरोपासाठी एकच नियम लागू व्हावा, आणि तो हंगामाआधी छापलेला असावा. निलंबनाच्या काळात शिष्यवृत्ती, राहणं, शिक्षण आणि उपचार तक्रारदाराच्या सुरक्षिततेला बाधा न आणता चालू राहावेत. खेळाडूला स्वतंत्र वकील मिळावा. संघाच्या धनिक हितचिंतकाने पाठवलेला नको, कारण त्या वकिलाचं लक्ष अशिलापेक्षा हंगामावर असण्याची भीती आहे. तक्रारदारालाही तितकाच स्वतंत्र सल्लागार मिळावा.

काही पावलं पडली आहेत, हे कबूल केलं पाहिजे. लैंगिक अत्याचार किंवा घरगुती हिंसाचारासाठी दुसरीकडून काढलेल्या खेळाडूंना घ्यायचं नाही, असं साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या बलाढ्य गटाने २०१५ मध्ये ठरवलं. अशा चौकशा आणि शिक्षा यांची माहिती खेळाडूंनी दरवर्षी विद्यापीठाला द्यावी, असं धोरण एनसीएएने २०२० मध्ये आणलं. पण माहिती हाती आल्यावर निर्णय कोणी घ्यायचा, हा कळीचा मुद्दा विद्यापीठांवरच सोडला. कुलूप बदललं, किल्ली मात्र त्याच खुंटीवर राहिली.

आणि सगळेच गुन्हे अशा हिंसेचे नसतात. जानेवारी २०२३ मध्ये जॉर्जियाने अजिंक्यपद जिंकलं. विजयाच्या मिरवणुकीनंतर काही तासांतच भरधाव गाडी उलटून संघाचा खेळाडू डेव्हिन विलॉक आणि गाडी चालवणारी संघाची कर्मचारी असे दोघे गेले. त्या रात्री शर्यत लावल्याच्या आणि बेदरकार गाडी चालवल्याच्या आरोपांत जेलन कार्टर या खेळाडूला प्रोबेशन, हजार डॉलर दंड आणि समाजसेवा अशी शिक्षा झाली. दीड महिन्यातच तो व्यावसायिक निवडीत नवव्या क्रमांकावर निवडला गेला. दोन मृत्यूंनंतरही त्या संघाच्या खेळाडूंना बेफाम वेगाबद्दल पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या पुढचे दोन हंगाम येत राहिल्या. गाडी चालवण्याचा परवाना काही दिवसांसाठी गेला तरी खेळण्याचा जात नाही, हे मुलांना पाठ झालेलं असतं. लहान गुन्ह्याला लहानशीच पण न चुकणारी शिक्षा असती, तर यातल्या काही मुलांना वेळीच चाप बसला असता.

हे सगळं मराठी वाचकाने का वाचावं? पर्ड्यू, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सास ए अँड एम ही नावं पुण्या-मुंबई-नागपूरच्या घरांत आता परकी राहिलेली नाहीत. आपल्या मुली आणि मुलं त्याच वसतिगृहांत राहतात, त्याच संघांच्या टोप्या घालून घरी फोटो पाठवतात. अमेरिकेतल्या क्लेरी कायद्यामुळे जवळपास प्रत्येक विद्यापीठाला आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो. प्रवेश घेताना फी, व्हिसा आणि पगाराचे आकडे आपण तासन्‌तास चाळतो. तो अहवालही उघडावा, आणि तक्रार आली तर ती कोणाकडे जाते हे विद्यापीठाला पत्र लिहून विचारावं.

१ जुलै २०२५ पासून परिस्थिती आणखी बदलली आहे. कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. खेळाडूंच्या घामाचा मोबदला त्यांना मिळू लागला, हे न्याय्यच झालं. पण ज्याच्यावर विद्यापीठाने लाखो डॉलर लावले आहेत त्याच्यावर आरोप आला, तर डोळेझाक करण्याचा मोह ऑस्बर्न यांच्या काळापेक्षा कितीतरी पटींनी वाढणार. आणि नको झालेल्या खेळाडूवर आरोप आला, तर करार मोडून पैसे वाचवण्याचा मोहही तितकाच वाढणार. करार लिहिले जात आहेत, तेव्हाच आरोपांवरचा निर्णय बाहेरच्या मंडळाने घ्यावा हे कलम त्यांत घालून घेण्याची वेळ आहे. खेळाडूंच्या वकिलांनी ते मागावं, कारण खोट्या आरोपात तेच त्यांचं संरक्षण ठरेल. विद्यार्थिनींच्या संघटनांनी मागावं, कारण खऱ्या तक्रारीत तोच त्यांचा आधार ठरेल. आणि प्रशिक्षकांनीही मागावं. ज्यांना आपल्या मुलांबद्दल खरा जिव्हाळा आहे, त्यांच्या डोक्यावरून एक अशक्य ओझं त्यामुळे उतरेल. बापाची माया आणि न्यायाधीशाची खुर्ची या दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. त्याने मायाच सांभाळावी. निकाल देणारा दुसरा असावा, आणि शनिवारी कोण जिंकलं याने त्याचं काहीही बिघडत नसावं.